आकृती, गणित आणि काथ्या



राजुरेश्वराच्या सान्निध्यात भरलेल्या अभियंत्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मजकडे सोपविलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. परंतु भाषणासाठी मी शिडाच्या नौकेचा विषय निवडला आहे हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांच्या मुद्रेवर जे स्मित उमटले, तेही माझ्या नजरेतून सुटलेले नाही. ज्या जिल्ह्यात चैत्र सरतो न सरतो तोच टँकरच्या खेपांचा हिशेब तहसील कचेरीत सुरू होतो, तेथे सागरपर्यटनाच्या नौकेचे प्रयोजन काय, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न अप्रस्तुत म्हणता येणार नाही. माझे उत्तर इतकेच, की आपल्या तालुक्याचे ठाणे असलेले भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन होय. तेथील उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीच्या अवशेषाशी साम्य असलेली मूर्ती इटलीतील पाँपेईच्या राखेखाली मिळालेली आहे. आणि येथून फारशा दूर नसलेल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी कोणा चित्रकाराने जे जहाज रंगविले, तशा चित्रावरून आपल्याच हयातीत एक खरेखुरे जहाज बांधले जाऊन समुद्रावर गेले.

‘कौंडिण्य’ हे त्याचे नाव. संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यामध्ये जुलै 2023 मध्ये त्रिपक्षीय करार झाला, सप्टेंबरात जहाजाचा तळकणा बसविण्यात आला, आणि मे 2025 मध्ये कारवार येथे ते नौदलात रुजू झाले. या कामी आरेखकापुढे जी अडचण उभी राहिली ती थोडी तपशिलाने सांगण्याजोगी आहे. चित्रकाराने नाळेचा डौल दाखविला, शिडे दाखविली, सुकाणूचे वल्हे दाखविले. परंतु पाण्याखालचे अंग कसे होते, फळीची जाडी किती, डोलकाठी कोठवर रोवलेली, यांपैकी काहीच त्याने सांगितले नाही, आणि सांगण्याचे त्याला कारणही नव्हते, कारण त्याचे जहाज भिंतीवरच तरायचे होते. सपाट भिंतीवरील या आकृतीला सुमारे साडेएकोणीस मीटर लांबीचे आणि साडेसहा मीटर रुंदीचे शरीर देणे हे आरेखकाचे काम झाले. पण ते शरीर वाऱ्याच्या झोताने कलल्यावर पुन्हा उभे राहील की नाही, याचा निवाडा डोळ्यांना करता येत नाही. त्यासाठी मद्रासच्या आय.आय.टी.मधील सागरी अभियांत्रिकी विभागाने प्रतिकृतीवर जलगतिकीच्या परीक्षा घेतल्या. विल्यम फ्रूड याने 1870 नंतरच्या दशकात इंग्लंडातील टॉर्की येथे हौद बांधून लहान प्रतिकृतीवरून मोठ्या जहाजाला होणारा पाण्याचा विरोध अजमावण्याची जी पद्धत रूढ केली, तिचाच हा वारसा.

आकृती आणि गणित यांचा मेळ बसला तरी जहाज अद्याप कागदावरच होते. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी कारागीर यांनी वाफेवर नरम केलेल्या फळ्या वाकवून एकमेकींना भिडविल्या, कडांना भोके पाडली, सांध्यावर काथ्याची वळी ठेवली आणि दोर आरपार ओढून ती करकचून आवळली; खिळा म्हणून मारला नाही, आणि सांधे राळेने बुजविले. शिवलेल्या जहाजाचे अंग लाटेबरोबर किंचित लवते, आणि या लवचिकतेतच त्याची शक्ती आहे. टाका किती ताणावा, हे मात्र कोणत्याही नकाशावर लिहून देता येत नाही. 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून निघालेले हे जहाज जानेवारीत मस्कतला सुखरूप पोहोचले.

आकृती, गणित आणि कारागिरी यांच्या मेळाचे दुसरे उदाहरण ‘म्हादेई’चे, ही आधुनिक सागरपर्यटनाची नौका. एकट्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही मसलत फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणाऱ्या व्हाइस अॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांची. म्हणजे तीही समुद्रापासून लांबच्याच गावची. छप्पन्न फुटी नौकेचे आरेखन हॉलंडमधील व्हान डे स्टाट यांच्या कार्यालयाचे, आणि बांधणी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अॅक्वेरियस गोदीत. परदेशी नकाशांचे दफ्तर हाती आले म्हणजे नौका हाती आली असे नव्हे. शिडांवर वाऱ्याचा जोर जेथे एकवटतो तो बिंदू आणि बुडालेल्या अंगाचा विरोध जेथे एकवटतो तो बिंदू, यांमधील अंतर आरेखकाने ठरविलेले असते. ते बिघडले की सुकाणू धरणारा जन्मभर नौकेशी झगडत राहतो. त्याचप्रमाणे बांधणाराने डेकवर हौसेने चढविलेले प्रत्येक लाकूड गुरुत्वमध्य वर नेते, आणि तळाशी घातलेल्या शिशाचा उपयोग तेवढा कमी होतो. धनिकांच्या विलासनौकांत हा तंटा नित्याचाच आहे: मालकाला उंच छताचे दालन हवे, आरेखकाला ते सुंदर करावयाचे, आणि नकार देण्याचा अप्रिय अधिकार अभियंत्याकडे.

‘म्हादेई’च्या बाबतीत एक गोष्ट विशेष घडली. जी नौका आपल्याला एकट्याने हाकायची आहे, तिच्या बांधणीत कमांडर दिलीप दोंदे पहिल्यापासून हजर होते. ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघून ते मे 2010 मध्ये परतले. पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून, वाटेत एकाही बंदराला न लागता, 2013 मध्ये प्रदक्षिणा पुरी केली. ज्याचा जीव त्या गणितावर टांगणीला लागणार तो मनुष्य गोदीत उभा असला, की आरेखक आणि अभियंता यांच्यात श्रेष्ठ कोण हा वाद आपोआप मिटतो, असे माझे मत आहे. आमच्या खात्यांतून मात्र नकाशा एका मेजावरून दुसऱ्या मेजावर शेऱ्यानिशी जातो, मंजुरीची मोहोर उठते, आणि ज्याने तो काढला त्याला बांधकामाची जागा दिसत नाही. पाझर तलावाच्या सांडव्याची उंची ठरविणाऱ्याने पहिल्या पावसाळ्यात त्या सांडव्यावर उभे राहावे, असा नियम केला तर काय होईल, याची कल्पना आपणांस माझ्यापेक्षा अधिक आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी प्रथम अजिंठ्याला न्यावी, तेथील जहाज पाहून त्यांच्याकडून आरेखन करवावे, दुसऱ्या तुकडीने त्याचे स्थैर्य मांडावे, आणि भोकरदनच्या एखाद्या सुताराला मानधन देऊन चार हात लांबीची होडी त्यावरून बांधवावी. ती तरंगली की नाही हे जवळच्या तलावात, पाणी असेल त्या महिन्यात, दोन्ही तुकड्यांनी पाळीपाळीने आत बसून पाहावे. यासंबंधीचा ठराव दुपारच्या बैठकीत येत आहे; त्यावर आपण मोकळेपणाने बोलावे, अशी विनंती करून मी सभेच्या कामकाजास प्रारंभ करतो.