खण उलटा करून पाहा

जुन्या लाकडात जीव अडकलेल्या मंडळींनो,

स्वागताध्यक्षाने थोडक्यात आवरावं, हा संकेत मी पाळणार आहे. बाहेर चहा निवतोय. ऱ्होड आयलंडमधल्या या न्यूपोर्टला तुम्ही संमेलनासाठी लांबून आलात, तुमचं मनापासून स्वागत.

हे गाव निवडलं त्याला कारण आहे. अठराव्या शतकात इथल्या 'पॉइंट' वस्तीत टाउनसेंड आणि गॉडर्ड ही दोन क्वेकरपंथी सुतार घराणी नांदत होती. जॉन गॉडर्ड आणि त्याचा भाऊ जेम्स, दोघेही जोब टाउनसेंडचे जावई. सोयरीक अशी की कुठलं कपाट कोणाच्या हातचं, यावर जाणकारांची अजून जुंपते. जॉन टाउनसेंडने काही कामांवर आपली चिठ्ठी तरी चिकटवली. पुष्कळ काम बिननावीच राहिलं.

मग हात ओळखायचा कसा? दर्शनी बाजूचे महोगनीत कोरलेले शिंपले सगळेच पाहतात. दोन बाजूंचे फुगीर, मधला खोलगट. फुगीर शिंपले बहुधा वेगळे कोरून सरसाने बसवलेले असतात, खोलगट मात्र मूळ फळीतच कोरलेला. पण खरी साक्ष खणाची. तो काढून उलटा करा: आत चेस्टनट किंवा ट्यूलिप पॉप्लरसारखं साधं लाकूड, डव्हटेल सांध्याचे दात, रंध्याच्या खुणा. तिथे कारागीर गिऱ्हाइकासाठी सजत नाही. मला तरी शिंपल्यापेक्षा हे जास्त आवडतं.

जॉन गॉडर्डच्या नावावर धरलेलं, प्रॉव्हिडन्सच्या निकोलस ब्राउनचं लिहिण्याचं मेज-कपाट 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 21 लाख डॉलरला गेलं. हा आकडा आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. याच निकोलसने भावांबरोबर 1764 मध्ये 'सॅली' हे गुलामांच्या व्यापाराचं जहाज आफ्रिकेला धाडलं. त्यांनी घेतलेल्या 196 माणसांपैकी किमान 109 मेली. आणि महोगनी? कॅरिबियन बेटांवरची आणि होंडुरासच्या किनाऱ्यावरची ती झाडं गुलामांनीच तोडली. लिलावाच्या पुस्तिकेत पैसा कुठून आला हे क्वचितच येतं. आपल्या चर्चेत ते यावं, अशी स्वागत समितीची विनंती आहे.

उद्या सकाळी ब्रिज स्ट्रीटवर ख्रिस्तोफर टाउनसेंडचं घर बाहेरून पाहायला चालत जाऊ. तिथल्या घरांत आजही लोक राहतात. तेव्हा कुणाचं दार दिसलं म्हणून सांधा तपासायला हात लावू नका.