घाट, टर्बो आणि गरम हवा



वसंत व्याख्यानमालेत इंजिनाच्या हवेवर व्याख्यान, हे वाचून काही मंडळींना चुकून छापले गेले असे वाटले असेल. चुकून नाही. चालकांनी मुद्दाम मागून घेतलेला हा विषय आहे. शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांतल्या किती घरांची चूल स्टिअरिंगवर पेटते ते आपण जाणताच. एकीकडे आग्रा रोड आणि कसारा घाट, दुसरीकडे कल्याण-नगर रस्ता आणि माळशेज घाट. भिवंडीच्या गोदामांतून निघालेला माल ह्या दोन्ही चढणींनी वर जातो, आणि गाडी घाटात दमली की दोष पहिल्याने ड्रायव्हरच्या माथी येतो. ती का दमते, हे त्याला सांगता आले पाहिजे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते गॅरेजमधल्या तेलकट पुस्तकांतून झाले. तेव्हा भाषा गॅरेजची येईल, ती सांभाळून घ्यावी.

इंजिन डिझेलवर चालते असे आपण म्हणतो. खरे तर ते हवेवर चालते, डिझेल हे निमित्त. एक किलो डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. एका लिटरचा हिशेब केला तर दहा घनमीटरांहून अधिक हवा झाली. म्हणजे दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी एक खोली भरून हवा! आणि ही झाली अगदी काठावरची गोष्ट. डिझेल इंजिनाला धूर न काढता काम करायचे तर ह्याहून बरीच जास्त हवा हवी असते. डिझेल वाढवणे सोपे आहे. जुन्या पंपाचा एक स्क्रू फिरवला की झाले. हवा वाढवणे अवघड.

लोहार काय करतो? भाता मारतो. इंजिनालाही भाता लावावा ही कल्पना जुनी आहे. गॉटलीब डाइमलरने १८८५ साली तसे पेटंट घेतले, आणि पुढे मोटारींना पट्ट्यावर किंवा दात्यांवर फिरणारे ब्लोअर बसू लागले. ह्यालाच सुपरचार्जर म्हणतात. त्यात एक खोट अशी, की भाता फिरवायला इंजिनाचीच शक्ती खर्च होते. अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअराने १९०५ साली निराळी युक्ती मांडली : सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवून हवा दाबायची. हाच आपला टर्बो. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणारी ही भिंगरी आज लहानशा पिकअपलाही असते.

आता मुख्य गोष्ट. सायकलला हवा भरताना पंपाचे नळकांडे तापते, हा अनुभव सर्वांना आहे. पुष्कळांना वाटते की घर्षणाने तापते. घर्षणाचा भाग थोडा. हवा दाबली की ती स्वतःच तापते, हा तिचा धर्म आहे. टर्बोतही तेच घडते, आणि फार जोराने घडते. वैशाखात मुरबाडचा पारा चाळिशी ओलांडतो. ४० अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबली, आणि टर्बो बऱ्यापैकी चांगला असला, तरी ती सुमारे १३८ अंशांवर जाते. पाणी उकळते १०० ला!

गरम झाली तर बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. हवा तापली की फुगते आणि फुगली की विरळ होते. हिशेब करायचा तर अंशांत २७३ मिळवून करावा, म्हणजे ४० चे ३१३ आणि १३८ चे ४११ होतात. दाब दुप्पट झाला, पण हवा दुप्पट भरली का? २ गुणिले ३१३ भागिले ४११, उत्तर येते दीडच्या आसपास. दुपटीचे पैसे मोजून दीडपट माल घरी आला. मधला अर्धा कुठे गेला? उष्णतेने खाल्ला. आता हीच दाबलेली हवा सिलिंडरात जाण्यापूर्वी एका जाळीतून फिरवून ६० अंशांपर्यंत निववली, तर तोच हिशेब १.८८ येतो. ह्या जाळीचे नाव इंटरकूलर. रेडिएटरच्या पुढे ॲल्युमिनियमची जी चपटी पेटी असते ती हीच. तिच्यात पाणी नसते, म्हणून गळत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही.

आपल्या शेजारच्या कल्याणच्या डिझेल शेडमधली मंडळी हे फार पूर्वीपासून जाणतात. १९६२ पासून भारतात आलेल्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनात, २६०० अश्वशक्तीच्या त्या सोळा सिलिंडरी धुडात, टर्बोची हवा पाण्याने थंड करणारा कूलर होताच. ट्रकवाल्यांकडे ही गोष्ट उशिरा आली. आमच्या तरुणपणी रस्त्यावरचे बहुतेक ट्रक साध्या श्वासाचे होते. २००० सालानंतर धुराचे नियम एकेक पायरी कडक होत गेले, २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज ६ आले, आणि टर्बोशिवाय व इंटरकूलरशिवाय मोठी गाडी निघेनाशी झाली. कारण हवा जितकी गरम, तितका धुरातला नायट्रोजनचा विषारी वायू जास्त. म्हणजे हा कूलर घाटात ओढ देतो आणि आपल्या पोरांच्या फुप्फुसांचीही राखण करतो.

पेट्रोलच्या गाडीत मामला अधिक नाजूक. शहरातले हौशी तरुण मोटारीला पट्ट्याचा ब्लोअर बसवून घेतात. तिथे हवा तापली की पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता आपल्या मनाने भडकते, इंजिन टकटक वाजू लागते, आणि ती टकटक पिस्टनला भोक पाडून थांबते. नव्या गाडीतले यंत्रमेंदू हवेचे तापमान मोजून ठिणगी मागे सरकवतात. इंजिन वाचते, पण ज्या जोरासाठी पैसे ओतले तो जोर जातो. त्यातून ब्लोअर इंजिनाच्या डोक्यावरच बसलेला असेल, तर सिग्नलला उभ्या गाडीत खालची धग त्याच्यात मुरत राहते. अशा गाड्यांना हवेच्या कूलरसाठी पाण्याचा वेगळा फेरा, वेगळा पंप आणि पुढे वेगळा छोटा रेडिएटर देतात. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या इंजिनात पाणी आणि मिथेनॉल फवारून हवा थंड करीत, तोही ह्याच दुखण्यावरचा उपाय. असो, हौसेचे सोडू, पोटाचे बघू.

कसाऱ्याहून इगतपुरीला जाताना रेल्वेची चढण ३७ ला १ आहे. १८६५ साली ती वाट खुली झाली, आणि तेव्हापासून जड गाड्यांना तिथे बँकर इंजिनांचा हात लागत आला आहे. ट्रकला बँकर नसतो. माल भरलेला ट्रक तिथे ताशी १५-२० किलोमीटरने चढतो. आता संकट कसे सर्व बाजूंनी येते ते पाहा. इंजिनावर भार पूर्ण, म्हणून टर्बो पूर्ण जोरात आणि हवा सर्वांत गरम. वेग नाही, म्हणून समोरून वारा नाही. वर जावे तशी हवा मुळातच विरळ. इगतपुरीच्या उंचीवर, म्हणजे ६०० मीटरांच्या सुमारास, हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरलेला असतो आणि माळशेजच्या माथ्यावर त्याहून थोडा जास्त. ती तूट भरून काढायला टर्बो आणखी फिरतो, आणखी तापवतो. अशा वेळी इंटरकूलरला आधार उरतो तो फक्त इंजिनाच्या पंख्याचा. पंखा फिरतो इंजिनाच्या फेऱ्यांवर. म्हणून जाणता ड्रायव्हर घाटात गिअर लवकर खाली घेतो. फेरे वाढतात, पंखा जोरात फिरतो, पाण्याचा पंपही. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवून डिझेल वाचते अशी मालकांची समजूत आहे. सपाटीवर ती पुष्कळ खरी. घाटात नाही.

एक प्रकरण सांगतो. किन्हवलीकडचा आमचा एक ड्रायव्हर एका वाहतूक मालकाकडे भिवंडी-नाशिक फेरी करी. एका एप्रिलात त्याच्या गाडीचे ॲव्हरेज घसरले. मालकाने डिझेलचोरीचा संशय घेऊन पगारातून अडीच हजार कापले. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, गाडी घाटात ओढत नाही." शेठ म्हणाले, "गाडी ओढते, तुला हाकता येत नाही." संघटनेकडे तक्रार आली. मोर्चा काढा, असे काही तरुण म्हणाले. आम्ही म्हटले, आधी मीटर काढा.

वीजमिस्त्रीच्या मीटरला लावायची उष्णता मोजणारी तार मिळते, फार महाग नसते. ती इंटरकूलरमधून बाहेर पडणाऱ्या नळीला बांधली, वरून चिंधी गुंडाळली आणि तारेचे टोक केबिनमध्ये घेतले. बाहेर ३९ अंश. भरल्या गाडीने निम्मा घाट चढेपर्यंत आकडा ९१ वर गेला. परत आल्यावर रविवारी मिस्त्रीला घेऊन पुढची जाळी उघडली. इंटरकूलर आणि रेडिएटर ह्यांच्या मधल्या सांदीत बोटभर थर : गवताचा चुरा, वीटभट्टीची लाल धूळ, आणि त्यावर तेलाचा हात. आपल्या तालुक्यांतून गवताच्या गाठी तबेल्यांना जातात, वखारीत ट्रक उभे राहतात, तिथला चुरा पंखा ओढून घेतो. पुढून पाहिले तर जाळी स्वच्छ! सगळे आत. शिवाय पुढे एक रुंद फलक आडवा बांधलेला, दोन जादा दिवे, आणि चुनरी. श्रद्धेला आमची ना नाही. चुनरी आरशाला बांधावी, देवी तिथेही पावते.

पेटी सोडवून मागच्या बाजूने पुढे, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट, हलक्या दाबाच्या पाण्याने धुतली. सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारू नये, पातळ पात्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. एका होस पाइपची क्लिप ढिली होती. साबणाचे पाणी लावल्यावर बुडबुडे आले. तिथून दाबलेली हवा शिट्टी मारीत बाहेर जात होती. आतल्या तेलाचा माग काढला. टर्बोचे सील झिजू लागले होते. फलक उतरवला. दुसऱ्या आठवड्यात, बाहेर तितकेच तापलेले असताना, तितकाच माल घेऊन, त्याच वळणावर आकडा आला ६२.

९१ चे ३६४ आणि ६२ चे ३३५. दाब तोच धरला तरी प्रत्येक श्वासाला जवळजवळ नऊ टक्के हवा जास्त. क्लिपमधून वाया जाणारी निराळीच. जुनी गाडी असती तर काळा धूर ओकून तिने चुगली केली असती. नवी गाडी तेही करीत नाही. तिचा यंत्रमेंदू हवा गरम पाहून मुकाट डिझेल आवरतो, गाडी मंद चढते, जास्त वेळ खालच्या गिअरमध्ये राहते, आणि संध्याकाळी हिशेबात ड्रायव्हर चोर ठरतो.

ते दोन आकडे कागदावर लिहून आम्ही मालकापुढे ठेवले. पगारातून नुकसान कापायचे तर ते कामगाराच्या हयगयीनेच झाले हे दाखवावे लागते आणि त्याचे म्हणणे आधी ऐकावे लागते, हे तत्त्व १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यापासून चालत आले आहे. मालक कायद्याला फारसा वचकला नाही, पण आकड्यांपुढे बसला. अर्ध्या तासाने म्हणाला, "बाकीच्या गाड्यांच्याही जाळ्या उघडा." कापलेले पैसे दिले, तेही दोन हप्त्यांत!

एक इशारा मात्र ड्रायव्हर बंधूंना दिलाच पाहिजे. गाडी ओढेना म्हणून मिस्त्रीकडून डिझेल वाढवून घेण्याची, किंवा नव्या गाडीत हवेची तार फसवण्याची जी चाल पडली आहे, ती सोडा. हवा कमी असताना डिझेल वाढवणे म्हणजे ओल्या लाकडांवर आणखी ओली लाकडे रचणे. धूर वाढतो, आग पिस्टनच्या टाळूवर बसते, आणि इंजिन खलास झाले की आमच्या हातात भांडायला एकही आकडा राहत नाही.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला, आपल्याच शहापूर तालुक्यातून आणि लांब बोगद्यातून. त्या वाटेने जाणाऱ्याची चढण सोपी झाली. पण टोलचा हिशेब करणारा मालक गाडी जुन्या घाटानेच धाडतो, आणि माळशेजला तर बोगद्याची वाटच नाही. म्हणून आमच्या संघटनेने मालकांकडे तीन कलमे दिली आहेत. दर वर्षी होळीच्या आत इंटरकूलर सोडवून धुवावा, त्याचा खर्च मालकाचा. नळीवरचे तापमान महिन्यातून एकदा भरल्या गाडीने घाटात मोजून फेरीच्या वहीत लिहावे. आणि ते लिहिलेले नसेल त्या महिन्याच्या ॲव्हरेजवरून कोणाचा पगार कापू नये. चार मालकांनी पहिले कलम मानले आहे. दुसऱ्याला दोघे तयार आहेत. तिसऱ्यावर बोलणी येत्या सोमवारी सरळगावला आहेत, आणि वहीचा एक नमुना आम्ही इथे टेबलावर ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी उतरून घ्यावा.