चिपसेटला पंखा कधी लावायचा?

आमच्या बचत गटाचा सगळा हिशेब एका जुन्या कॉम्प्युटरवर आहे. खोलीवर पत्रे. एप्रिल लागला की दुपारी दोननंतर तो मध्येच अडकायचा. माऊस हलेना, काही उमटेना. एकदा तर महिन्याची नोंद अर्धीच राहिली आणि सगळ्यांचे हप्ते पुन्हा भरत बसलो.

दुरुस्तीवाल्या दादांनी मदरबोर्डवरच्या चिपसेटला बोट लावलं. म्हणाले, "ही चिप फार तापते. पंखा लावा, नाहीतर बोर्ड बदला." बोर्ड बदलायचा म्हणजे गटाचे काही हजार रुपये. आम्ही म्हटलं, आधी समजून घेऊ.

हार्डडिस्क, पेनड्राइव्ह, नेट यांची ये-जा चिपसेटमधून होते. जुन्या बोर्डांवर अशा दोन चिपा असत आणि त्यातली एक बरीच तापे. इंटेलची २००८ ची पी४५ चिप २२ वॅटपर्यंत उष्णता टाकायची. आमच्या बोर्डावर एच६१ आहे, ती साधारण ६ वॅटची, म्हणजे ९ वॅटच्या एलईडी बल्बपेक्षाही कमी. तिला वरचा धातूचा तुकडा, म्हणजे हीटसिंक, पुरतो. २०१९ च्या एएमडी एक्स५७० ला ११ वॅट लागतात, म्हणून तिच्या बहुतेक बोर्डांवर कंपनीनेच छोटा पंखा बसवला होता.

आता बोटाचं. ५५ अंशांचा धातू आपल्याला चटका देतो, पण चिपला त्याचं काही वाटत नाही. म्हणून बोटावर जाऊ नका, आकडा बघा. तापमान दाखवणारे फुकट प्रोग्राम मिळतात. त्यात 'पीसीएच' लिहिलेला आकडा चिपसेटचा. ५० ते ७० असेल तर काळजी नको. ८० च्या वर टिकून राहिला तर लक्ष घाला. आकडा भर दुपारी, काम चालू असताना बघा. खोली १२ अंशांनी तापली, तर चिपही जवळपास तेवढीच जास्त तापते. सकाळचा आकडा फसवतो.

आमचा आकडा दुपारी ९१ होता, सीपीयूचा मात्र ६०. मग कॅबिनेटची एक बाजू काढून टेबलफॅन लावला. आकडा उतरला आणि आठवडाभर कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. म्हणजे दोष उष्णतेचाच. पंखा लावूनही अडकला असता, तर रॅम, हार्डडिस्क किंवा वीजपुरवठा तपासला असता. नाहीतर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

पण एवढ्याशा चिपला एवढा ताप का? कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, कोरड्या ब्रशने धूळ झाडली. झाडताना पंख्याची पाती धरून ठेवा, ओलं फडकं लावू नका. तेव्हा दिसलं, हीटसिंकची एक पिन भोकातून निसटली होती. तुकडा चिपला नीट टेकतच नव्हता! त्याच दादांकडून नवी थर्मल पेस्ट लावून तो बसवून घेतला. त्यांनीही हसून मान्य केलं. मे महिन्याच्या दुपारीसुद्धा आकडा आता ७० च्या आसपास असतो. पंखाही लागला नाही, बोर्डही नाही.

तेव्हा बायांनो, क्रम लक्षात ठेवा. आधी आकडा, मग टेबलफॅनची परीक्षा, मग धूळ आणि हीटसिंक. एवढं करूनही भर दुपारी ८० च्या वर राहिला, तरच जादा पंखा घ्या. तोही आधी कॅबिनेटला, हवा आत घेणारा. चिपवरचा इवलासा पंखा धुळीने लवकर अडकतो.

आणि हिशेबाची एक प्रत रोज पेनड्राइव्हवर घ्या. यंत्र दुरुस्त होतं, पुसलेली नोंद पुन्हा मिळेलच असं नाही.