कुत्र्याच्या गळ्यांतील औषधी पट्टा

परभणी जिल्ह्यांत कुत्रा हा केवळ हौसेचा प्राणी नव्हे. शेताची राखण, धनगराच्या कळपाचा पहारा आणि शहरांतील घराची सोबत हीं त्याचीं कामें होत. परंतु पावसाळ्याच्या उबदार, दमट दिवसांत या राखणदारावरच गोचिडी व पिसवा तुटून पडतात. गोचिडी कानांच्या आंत व बोटांच्या बेचक्यांत घट्ट रुतून बसतात. पिसवा केसांच्या बुडाशीं धांवत असतात. मग बाजारांतून औषधी पट्टा आणून गळ्यांत बांधला जातो, आणि काम झालें असें घरांतील मंडळी समजतात. काम होतें खरें. पण तें अर्धेंच.

हा उपद्रव खाजेपुरता नसतो. गोचीड रक्त पितांना रोगाचे जंतूहि कुत्र्याच्या शरीरांत सोडते. अशा रोगांपैकीं एकाचा कारक, तांबड्या रक्तपेशींचा नाश करणारा ‘बाबेसिया गिब्सोनी’ हा सूक्ष्म जीव, पॅटन यांनीं १९१० सालीं मद्रासेकडील शिकारी कुत्र्यांच्या रक्तांत पाहून वर्णिला. ताप, अन्नावरील वासना उडणें, हिरड्या पांढुरक्या पडणें किंवा नाकांतून रक्त येणें हीं लक्षणें दिसतांच पशुवैद्यांकडे गेलें पाहिजे. पट्टा गोचीड मारतो. जडलेला रोग बरा करीत नाहीं.

असे पट्टे अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत प्रचारांत आले. आजच्या पट्ट्यांत डेल्टामेथ्रिन, किंवा फ्लुमेथ्रिन व इमिडाक्लोप्रिड यांची जोडी, असें औषध मुरविलेलें असतें. तें हळूहळू बाहेर पडतें आणि कातडीवरील तेलकटपणाबरोबर अंगभर पसरतें. म्हणून पट्टा कातडीला टेकणें अवश्य आहे. दाट केसांवर तरंगणाऱ्या पट्ट्याचा उपयोग थोडा. पट्टा व मान यांमध्यें दोन बोटें शिरतील इतपत तो सैल असावा, आणि उरलेलें टोंक कापून टाकावें, म्हणजे तें चघळलें जाणार नाहीं. वारंवार न्हाऊं घातल्यास औषधाची मुदत घटते. पिलाचें वय वेष्टनावरील सूचनेशीं ताडून पाहावें, लहान मुलांस पट्ट्याशीं खेळूं देऊं नये, आणि कुत्र्याचा पट्टा मांजरास कदापि बांधूं नये. त्यांतील कांहीं औषधें मांजरास विषासमान ठरतात.

आतां राहिलेलें अर्धें काम. रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचिडीची मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या फटींत शिरते आणि तेथें हजारों अंडीं घालते. त्यांतून निघालेलीं पिलें कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, पुन्हां फटींत जाऊन कात टाकतात. असा प्रकार पूर्ण वाढ होईपर्यंत चालतो. दगडमातीच्या जुन्या वाड्यांतून अशा फटींना तोटा नाहीं. पिसवेचीं अंडीं तर केसांवरून गळून गोणपाटांत व धुळींत पडतात आणि तेथेंच वाढतात. अर्थात् कुत्र्याच्या अंगावर दिसतो तो उपद्रवाचा अल्प भाग होय.

यासाठीं कुत्र्याचें अंथरूण दर आठवड्यास कढत पाण्यानें धुऊन उन्हांत वाळवावें, भिंतीच्या फटी बुजवाव्या, आणि घरांत दोन कुत्रे असतील तर दोघांचीहि व्यवस्था एकाच वेळीं करावी. अंगावर राहिलेली गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनीं चिरडूं नये, रॉकेल तर लावूंच नये. कोणता पट्टा योग्य, हें पशुवैद्यांस विचारूनच ठरवावें. परभणीस १९७२ पासून पशुवैद्यकाचें महाविद्यालय आहे, तेव्हां जाणत्यांचा सल्ला दूर नाहीं.

रात्रभर जो दाराशीं जागतो, त्याला स्वतःच्या भिंतींतील फटी बुजवितां येत नाहींत. तें काम घरच्यांचेंच आहे.