खोलीचं भाडं आणि कराचा हिशेब

आपल्यापैकी कितीतरी जणींनी मागची खोली भाड्याने दिलेली असते. कराचं नाव निघालं की आपल्याला धास्ती वाटते, पण हिशेब सोपा आहे.

समजा, भाडं महिना 8,000 रुपये. वर्षाचे झाले 96,000. त्या वर्षात मालकिणीने स्वतः भरलेली घरपट्टी आधी वजा करायची. ती 6,000 असेल तर उरले 90,000. त्यातून सरसकट 30 टक्के, म्हणजे 27,000, आणखी वजा होतात. रंग, नळ, पत्रे सगळं त्यातच आलं. दुरुस्तीची बिलं वेगळी दाखवता येत नाहीत. उरले 63,000.

खोली बांधायला किंवा दुरुस्तीला कर्ज काढलं असेल, तर त्याचं व्याजही वजा होतं, मुद्दल नाही. कर्ज बँकेचंच हवं असं नाही, बचत गटाचंही चालतं. म्हणून आम्ही गटात सांगतो, पासबुकात व्याज आणि मुद्दल वेगवेगळं लिहून घ्या, घरपट्टीची पावती जपून ठेवा.

भाडं लपवू नका, बायांनो. विवरणपत्रात दाखवलेलं उत्पन्न उद्या बँकेच्या दारात आपल्याच कामी येतं.