पंधरा फेऱ्यांचा महिना

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला मध्यरात्री उठवून विचारा, तुझा पास कधी संपतो? तो तारीख सांगेल. लग्नाची तारीख विचारलीत तर कदाचित थोडा वेळ घेईल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि तेव्हापासून आपला हा सगळा पट्टा रेल्वेशी एकनिष्ठ आहे. या निष्ठेचं मोल रेल्वे कसं करते, याचा आज थोडा हिशेब मांडायचा आहे. कवीला हिशेब जमत नाही असा एक समज आहे. पण पाठ्यवृत्तपत्रातलं मानधन आणि पासाचे पैसे यांचा मेळ घालत ज्याची उमेद गेली, त्याला तो जमतोच.

लोकलचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास हा साधारण पंधरा फेऱ्यांच्या भाड्याइतका असतो. पंधरा दिवसांच्या नव्हे, पंधरा एकेरी फेऱ्यांच्या. जाणं ही एक फेरी, येणं ही दुसरी. म्हणजे आठव्या दिवशी सकाळी पास वसूल झाला. त्या संध्याकाळी तुम्ही घरी येता ते रेल्वेच्या खर्चानं. महिन्यात पंचवीस दिवस कामावर जाणारा पन्नास फेऱ्या करतो आणि पैसे पंधरांचे भरतो. शंभरातले सत्तर रुपये माफ! साड्यांच्या सेलमध्येसुद्धा इतकी सूट मिळत नाही.

ही सूट किती जिवाभावाची आहे ते जून २०१४ मध्ये दिसलं. रेल्वेनं भाडेवाढ जाहीर केली, आणि तिच्यात महिन्याचा पास पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर मोजायचं ठरवलं. शेकडा चौदा टक्क्यांची वाढ एका बाजूला, आणि पासवाल्याला थेट दुप्पट. मुंबईपासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत असा गदारोळ उठला की चारच दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. पास पुन्हा पंधरा फेऱ्यांवर आला.

आता पुढची गंमत पाहा. तीन महिन्यांचा पास काढलात तर तीन महिन्यांचे पैसे पडत नाहीत, २.७ महिन्यांचे पडतात. दहा टक्के सुटले. मग सहा महिन्यांचा काढला तर आणखी सुटत असतील? नाही. ५.४. वर्षाचा काढला तर? १०.८. गुणाकार करून बघा. दोन तिमाही म्हणजे सहामाही, चार तिमाही म्हणजे वर्ष, एका पैशाचाही फरक नाही. वर्षाची रक्कम एकदम मोजणाऱ्याच्या पदरात जास्तीचं काय पडतं, तर तीन वेळा रांगेत उभं राहणं वाचतं. तीन महिन्यांनंतर रेल्वेचं प्रेम वाढत नाही, तिथंच स्थिर राहतं. बऱ्याच संसारांपेक्षा ही परिस्थिती वाईट नाही म्हणा.

स्मार्ट कार्डाचं वेगळं. स्टेशनवर तिकिटाची यंत्रं आली, त्यांच्यासाठी कार्डात पैसे भरले की आधी पाच टक्के बोनस मिळायचा. शंभर भरा, एकशे पाच जमा. हे पाच रुपये फार सुटसुटीत होते, कारण दुसऱ्या वर्गाचं किमान भाडंच पाच रुपये. शंभरावर एक लहानशी फेरी मोफत, हिशेब बंद. पुढे बोनस तीन टक्के झाला. शंभराचे एकशे तीन. आणि आपली तिकिटं तर पाचाच्या पटीत! हे वरचे तीन रुपये कार्डात बसून राहतात. पुन्हा शंभर भरले की त्यांचे सहा होतात, पाच वापरले की एक उरतो. भांड्याच्या तळाला चिकटलेल्या खिरीसारखे ते दिसतात, हाताला लागत नाहीत. पुढे मोबाइलवरच्या तिकिटालाही तीनच टक्के लागले. रेलवन हे नवं अ‍ॅप जुलै २०२५ मध्ये आलं, त्यावर डिजिटल पैसे भरून साधं तिकीट काढणाऱ्याला १४ जानेवारी ते १४ जुलै २०२६ या मुदतीसाठी जी सूट जाहीर झाली, तीही तीन टक्के.

आणि ५ मे २०२२ ला तर उलटी गंगा वाहिली. वातानुकूलित लोकलचं आणि पहिल्या वर्गाचं एका फेरीचं भाडं जवळजवळ निम्म्यावर आणलं. पास मात्र जिथे होता तिथेच राहिला. कधीतरी हौसेनं चढणाऱ्याला निम्म्यात प्रवास, रोजच्याला जुनाच दर. गाडीत गर्दी वाढवायची तर नवा माणूस हवा, रोजचा कुठे जातोय, हा व्यापाराचा विचार त्यामागे असणार. व्यापार म्हणून तो चुकीचा नाही. रोजच्या माणसाला मात्र तो टोचतो.

आमच्या उर्दू शायरीत ‘वफा’ या शब्दावर जितकी शाई सांडली आहे तितकी दुसऱ्या कुठल्या शब्दावर क्वचितच. पण शायरीतला आशिक वफा आगाऊ भरत नाही. रेल्वेला ती आगाऊ हवी असते. आमच्या गल्लीतला वाणी नेमका उलट वागतो. जुनं गिऱ्हाईक असेल तर तो वही काढतो आणि म्हणतो, पैसे महिन्याच्या शेवटी द्या. रेल्वे म्हणते, महिन्याच्या सुरुवातीला द्या, मग तुम्ही आमचे. या एका फरकात बरीच माणसं बाहेर राहतात.

नाक्यावर उभा राहणारा रंगारी घ्या. माझ्या ओळखीचा एक आहे. मी त्याला एकदा हाच पंधरा फेऱ्यांचा हिशेब मोठ्या उत्साहानं समजावला. तो म्हणाला, “भाईजान, मी ठाण्याचा पास काढला की त्याच महिन्यात काम बदलापूरला लागतं.” पास दोन स्टेशनांमधला असतो, आणि याची दिशा रोज सकाळी मुकादम ठरवतो. महिन्यात वीस दिवस गाडीत असतो, पण सूट शून्य. धुणीभांडी करायला दिव्याहून, मुंब्र्याहून ठाण्याला येणाऱ्या बाईची दिशा ठरलेली असते, पण पगार हातात येतो तेव्हा घरभाडं आणि वाण्याची वही तिच्या आधी उभी असते. ती आजचं तिकीट आज काढते, आणि महिनाअखेर शेजारच्या बँकेतल्या बाईंपेक्षा दुप्पट-तिप्पट देऊन बसते. शिवाय पास नावावर असतो. आई आजारी पडली आणि मुलगी बदली कामाला गेली, तर आईचा पास तिला चालत नाही.

अशा माणसांसाठी २००९ मध्ये एक पास निघाला होता. नाव ‘इज्जत’. असंघटित क्षेत्रातल्या गरिबाला महिन्याला २५ रुपयांत शंभर किलोमीटरपर्यंत प्रवास. नाव वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण अट अशी की मासिक उत्पन्न १५०० रुपयांच्या आत हवं, आणि तसा दाखला हवा. ठाणे जिल्ह्यात पंधराशेत महिना काढणारा माणूस दाखल्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत जाईल, हे ज्यानं गृहीत धरलं तो लोकलमध्ये चढला नसावा.

करोनाच्या काळात या सगळ्यावर कडी झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन लसी घेतलेल्यांना लोकल खुली झाली, पण फक्त पासावर. सुटं तिकीट नाही. ते ३१ ऑक्टोबरपासून मिळू लागलं. मधले अडीच महिने, परळच्या इस्पितळात एकदाच जाऊन यायचं असलं तरी महिनाभराची निष्ठा विकत घ्यावी लागत होती.

लंडनमध्ये यावर एक तोड आहे. तिथल्या ऑयस्टर कार्डावर २००५ पासून दिवसाची कमाल मर्यादा आहे. सुटे पैसे कापले जातात, पण ठरावीक रकमेला पोचलात की त्या दिवशी पुढे कापणं बंद. पुढे बँकेच्या कार्डांवर आठवड्याचीही मर्यादा आली. आधी कोणी काही भरायचं नाही. जितका फिरलास तितकी सूट आपोआप. त्यातही खोच आहेच. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. गुरुवारी कामाला लागलेल्याचं मोजणं सोमवारी पुन्हा शून्यावर येतं.

आपल्या स्टेशनांना तशी फाटकं नाहीत, कार्ड टेकवायला जागा नाही, हे खरं. पण मोबाइलवर तिकीट काढणाऱ्याचा नंबर रेल्वेकडे असतो. तीस दिवसांत त्यानं किती तिकिटं काढली, कुठून कुठे, हे यंत्राला ठाऊक असतं. कल्याण-ठाण्याचं पंधरावं तिकीट झालं की सोळावं शून्य रुपयांचं द्यावं. एवढं मोजायला उपग्रह लागत नाही. आणि रंगाऱ्यासाठी दिशा मोजू नये, रक्कम मोजावी. त्याच्याकडे फोन आहे. रंगाचे डबेसुद्धा तो हल्ली त्यावरूनच विकत घेतो.