गुडघेदुखी : आधी निदान, मग उपचार



कापूरहोळ म्हणजे शंभूराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊंचे गाव. कापूरहोळ आणि भोर-वेल्ह्याच्या या परिसरात गुडघ्याची बहुतेक सारी दुखणी पाहावयास मिळतात. भातलावणीच्या चिखलात दिवसभर राबणाऱ्या माताभगिनी, राजगड-तोरणा उतरून आलेले तरुण, महामार्गावर दुचाकीवरून पडलेले प्रवासी, कबड्डीत पाय मुरगळलेले विद्यार्थी. तक्रार एकच, रोग मात्र निरनिराळे. आणि उपचार? सर्वांना तेच मलम, तीच गोळी, तोच पट्टा!

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि समोरची वाटी यांचा हा सांधा. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या आणि सांधा बांधून ठेवणारे चार प्रमुख अस्थिबंध. पाय जमिनीत रोवलेला असताना शरीर वळले, ‘कट्’ असा आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आतील पुढचा अस्थिबंध तुटल्याची दाट शंका घ्यावी. सूज दुसऱ्या दिवशी आली, गुडघा मध्येच अडकू लागला, तर दोष बहुधा गादीत असतो. गड उतरताना वाटीमागे दुखते, ते पुष्कळदा मांडीचे स्नायू दुर्बल असल्यामुळे.

जाणता डॉक्टर यातील बरेचसे केवळ हकीकत ऐकून आणि हाताने तपासून ओळखतो. एक्स-रेमध्ये हाड दिसते. अस्थिबंध वा गादी दिसत नाही. ‘एक्स-रे चांगला आहे’ म्हणून पुन्हा मैदानात उतरणारा खेळाडू मग गादीही फाडून घेतो. तेथे एमआरआय हवा. उलट, पन्नाशीनंतर एमआरआयमध्ये फाटलेली गादी दिसणे इतके सर्रास आहे की, केवळ अहवाल वाचून शस्त्रक्रियेला धावू नये. ताज्या दुखापतीला चोळणे आणि ओढणे मात्र कटाक्षाने टाळावे. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सर्वाधिक उपेक्षा होते ती घरातील आईची. ‘वय झाले’ म्हणून ती दुखणे अंगावर काढते, घरचेही तेच म्हणतात. कूर्चा झिजली की दुखते हे खरे. पण झिजेवर पहिले औषध विश्रांती नव्हे, व्यायाम आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाच-दहा सेकंद ताणून धरावा, सावकाश खाली घ्यावा. वजन एक किलो उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेतल्यास जठर आणि मूत्रपिंड दोन्ही दुखावतात. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाचा आराम काही आठवड्यांचा. झीज त्याने भरून येत नाही.

हे सारे करूनही रात्रीची झोप उडत असेल, घरातल्या घरात चालणे अवघड झाले असेल, तर सांधा बदलण्याचा विचार अवश्य करावा. अटलबिहारी वाजपेयी यांनी पंतप्रधानपदी असताना ऑक्टोबर २००० मध्ये डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलून घेतला. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी या शस्त्रक्रिया केल्या. देशाचा पंतप्रधान गुडघे बदलतो, हे पाहून अनेक घरांतील भीती ओसरली असेल. राहिला होता प्रश्न खर्चाचा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. तोवर सरासरी दीड लाखाहून अधिक किमतीला मिळणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. शस्त्रक्रियेचा व रुग्णालयाचा खर्च अर्थात वेगळा. तो आधीच लेखी विचारून घ्यावा.

असा सांधा बहुतेकांना पंधरा-वीस वर्षे साथ देतो. मात्र शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी घरातील शौचालयात कमोडची सोय करावी, जेवणासाठी पाटाऐवजी खुर्ची ठेवावी आणि पुढील काही आठवडे व्यायाम करवून घेणारे माणूस कोण, हेही घरात ठरवून टाकावे.